ॲक्युपंक्चरचे प्रमाणीकरण आणि व्यावसायिक संघटना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

कोणत्याही चिकित्सापद्धतीचा इतिहास हा केवळ रोग आणि औषधे यांचा इतिहास नसतो. चिकित्सक कोणास म्हणावे, त्याने काय शिकावे, त्याची परीक्षा कोणी घ्यावी आणि त्याच्या चुकीस जबाबदार कोण, हे प्रश्नही त्या इतिहासाचा भाग असतात. पूर्व आशियातील ॲक्युपंक्चर या सूचीचिकित्सेच्या बाबतीत हे प्रश्न चीन, जपान, कोरिया आणि पुढे पाश्चात्त्य देशांत वेगवेगळ्या काळी उपस्थित झाले. प्रत्येक ठिकाणी त्यांची उत्तरे राज्यसत्ता आणि चिकित्सकांच्या संघटना यांच्या संघर्षातून व तडजोडीतून मिळाली. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेतील महत्त्वाच्या टप्प्यांचा आढावा घेतला आहे.

कांस्यपुतळा : प्रमाणाची पहिली संकल्पना

शरीरावरील सूचीबिंदूंचे स्थान निश्चित असावे, हा आग्रह आधुनिक नाही. चीनमधील सोंग राजवटीत वांग वेई-यी या राजवैद्याने इ. स. १०२६ मध्ये सूचीबिंदूंचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला आणि १०२७ मध्ये मानवी आकाराचे दोन कांस्यपुतळे घडविण्यात आले. पुतळ्यांवर बिंदूंच्या जागी छिद्रे होती. पुतळ्यावर मेणाचा लेप देऊन आत द्रव भरीत. विद्यार्थ्याने सुई अचूक टोचली तर द्रव बाहेर येई, असे वर्णन आढळते. हस्तलिखितांच्या नकला करताना शिरलेले पाठभेद दूर करणे हा या प्रयत्नामागील हेतू होता. मात्र हे प्रमाण दरबाराने ठरविलेले होते. दरबाराची कृपा संपली की प्रतिष्ठाही संपते, याचा प्रत्यय १८२२ मध्ये आला. त्या वर्षी छिंग सम्राट ताओ-क्वांग याने राजवैद्यकीय संस्थेतून सूचीचिकित्सा वगळण्याचा आदेश दिला.

संकटातून उभ्या राहिलेल्या संघटना

विसाव्या शतकात चिनी वैद्यांपुढे अधिक मोठे संकट उभे राहिले. फेब्रुवारी १९२९ मध्ये नानजिंग येथे केंद्रीय आरोग्य समितीसमोर जुनी चिकित्सा क्रमाक्रमाने बंद करण्याचा प्रस्ताव आला. त्याचे प्रवर्तक यू युन-श्यू हे जपानमध्ये आधुनिक वैद्यक शिकलेले होते. १७ मार्च १९२९ रोजी शांघाय येथे अनेक प्रांतांतील वैद्यांचे प्रतिनिधी एकत्र जमले आणि त्यांनी प्रस्तावास तीव्र विरोध केला. परिणामी प्रस्ताव अमलात आला नाही. तोपर्यंत घराण्याघराण्यांत विभागलेले वैद्य एक व्यवसाय म्हणून संघटित होऊ लागले, हे या घटनेचे खरे फलित होय. १९३१ मध्ये नानजिंग येथे राष्ट्रीय वैद्यक संस्था स्थापन झाली.

याच काळात च्यांगसू प्रांतातील चेंग तान-आन (१८९९–१९५७) यांनी सूचीचिकित्सेसाठी अभ्याससंस्था, शाळा आणि नियतकालिक सुरू केले. त्यांनी बिंदूंची स्थाने आधुनिक शरीररचनाशास्त्राच्या आधारे मांडली आणि त्यासाठी जपानमधील प्रयोगांचाही अभ्यास केला. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, क्वांगचौ आणि छंगतू येथे पारंपरिक वैद्यकाची महाविद्यालये सुरू झाली, तेव्हा अशा प्रयत्नांची पूर्वपीठिका उपलब्ध होती. आज जिला ‘प्राचीन परंपरा’ म्हटले जाते, तिचे शिकविले जाणारे रूप बऱ्याच अंशी या काळात घडलेले आहे.

जपान : परवाना आणि उपजीविका

जपानमध्ये हा प्रश्न उपजीविकेशी निगडित होता. सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध चिकित्सकाने बारीक नळीतून सुई टोचण्याचे तंत्र रूढ केले आणि अंधांसाठी शिक्षणाची व्यवस्था केली. तेव्हापासून सूचीचिकित्सा व अंगमर्दन हे अंधांचे मान्य व्यवसाय झाले. मेइजी शासनाने पाश्चात्त्य वैद्यकास अधिकृत स्थान दिल्यावर सूचीचिकित्सेचा दर्जा घसरला. १९११ च्या नियमांनी परवान्याची पद्धत सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, दोस्तांच्या लष्करी प्रशासनाने या उपचारांवर बंदी आणण्याचा विचार मांडला. त्यास चिकित्सकांच्या संघटनांनी आणि अंध व्यावसायिकांनी मोठा विरोध केला. अखेर बंदीऐवजी त्याच वर्षी परवान्याचा कायदा झाला. १९८८ च्या दुरुस्तीने परवाना देण्याचा अधिकार प्रांतांकडून केंद्रीय मंत्रालयाकडे गेला आणि १९९३ पासून राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. प्रमाण कठोर करताना ज्यांची भाकरी त्या व्यवसायावर अवलंबून आहे त्यांचा विचार कसा करावा, हा प्रश्न जपानच्या इतिहासाने स्पष्टपणे मांडला.

अमेरिका : संघटनेकडून कायद्याकडे

अमेरिकेत १९७१ मध्ये जेम्स रेस्टन यांचा बीजिंगमधील उपचारानुभव ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाला आणि लोकांचे कुतूहल वाढले. १९७३ मध्ये नेव्हाडा राज्याने चिनी चिकित्सेस कायदेशीर मान्यता दिली. १९८२ मध्ये चिकित्सकांनीच प्रमाणपत्र देणारा राष्ट्रीय आयोग स्थापन केला आणि १९८५ मध्ये त्याची पहिली परीक्षा झाली. अनेक राज्यांनी परवान्यासाठी ही परीक्षा ग्राह्य धरली. १९९६ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने सुयांना ‘प्रायोगिक’ साधनांच्या वर्गातून काढले. मात्र त्या निर्जंतुक आणि एकदाच वापरण्याच्या असाव्यात, ही अट घातली.

नाव कोणाचे, बिंदू कोणाचा?

जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्ये मनिला येथे नामावलीच्या प्रमाणीकरणाचे काम हाती घेतले. गुडघ्याखालील एकाच बिंदूस चिनी लोक ‘त्सूसानली’, जपानी ‘आशी-नो-सानरी’, तर कोरियन ‘चोकसामनी’ म्हणतात. चित्रलिपी एक असली तरी उच्चार भिन्न आहेत. १९८९ मध्ये जिनिव्हा येथे ३६१ बिंदूंसाठी अक्षर व अंक यांची समान संकेतपद्धती मान्य झाली. नावाचा वाद मिटला तरी जागेचा वाद उरला. २००३ ते २००६ या काळात तिन्ही देशांच्या तज्ज्ञांनी तुलना केली, तेव्हा ९२ बिंदूंच्या स्थानाबाबत मतभेद आढळले. ८६ बिंदूंवर एकमत झाले. उरलेल्या सहा बिंदूंची पर्यायी स्थाने २००८ च्या प्रमाणग्रंथात प्रामाणिकपणे नमूद करण्यात आली.

२००९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने स्थापन केलेल्या २४९ व्या तांत्रिक समितीत मात्र एकमत इतके सोपे ठरले नाही. समितीच्या नावात ‘चिनी’ हा शब्द असावा की नाही, यावर चीन आणि कोरिया-जपान यांच्यात वाद झाला. २०१५ मध्ये ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ हेच नाव कायम झाले. दरम्यान २०१४ मध्ये निर्जंतुक सुयांचे मानक प्रसिद्ध झाले. सुईच्या गुणवत्तेवर एकमत होते. वारशाच्या मालकीवर मात्र होत नाही.

भारतीय संदर्भ

१९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यासमवेत डॉ. बिजयकुमार बसू होते. बसूंनी १९५९ च्या सुमारास चीनमध्ये ही पद्धती आत्मसात करून कोलकात्यात तिचा प्रसार केला. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये, तर महाराष्ट्राने २०१५ मध्ये यासंबंधी स्वतंत्र अधिनियम केला. अल्प मुदतीच्या प्रशिक्षणावर व्यवसाय करणाऱ्यांचे नियमन हा प्रश्न येथेही तितकाच महत्त्वाचा आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. संघटना बहुधा अस्तित्वावर संकट आले तेव्हा उभ्या राहिल्या. प्रमाणीकरणाने रुग्णाची सुरक्षितता आणि व्यवसायाची प्रतिष्ठा वाढविली. परंतु त्याच वेळी परंपरेतील विविधता काही प्रमाणात आकुंचित केली. तसेच बिंदूचे स्थान निश्चित करणे आणि उपचाराची परिणामकारकता सिद्ध करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली मतैक्याने साध्य होते, तर दुसरीस पुराव्याची आवश्यकता असते. परवाना म्हणजे पुरावा नव्हे, याचे भान शासन, संघटना आणि शिक्षणसंस्था या तिघांनीही ठेवणे अगत्याचे आहे.