मतदारांचा शब्द आणि वडिलांचा वारसा

1834 च्या ऑगस्टमध्ये अब्राहम लिंकन अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या विधानसभेवर निवडून आला, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता आणि सभागृहात घालून जाण्याजोगा पोशाख त्याच्यापाशी नव्हता. कोलमन स्मूट या सधन शेतकऱ्याकडे जाऊन त्याने विचारले, मला मत दिलेत ना? होकार मिळताच, मग आता कपड्यांसाठी पैसेही द्या, अशी मागणी केली. स्मूटने 200 डॉलर दिले. ही आठवण पुढे स्मूटनेच सांगून ठेवली आहे.

न्यू सालेम हे त्याचे गाव. तेथे त्याचे दुकान बुडाले होते. कर्जापायी जमीन मोजण्याची उपकरणे आणि घोडा लिलावात निघाले. एका शेजाऱ्याने ती विकत घेऊन मुकाट्याने परत दिली. गावचा न्यायाधीश बोलिंग ग्रीन वयाने बराच वडील आणि विरोधी पक्षाचा. तरी या पोराच्या पाठीशी तोच उभा राहिला. 1832 च्या पहिल्या निवडणुकीत लिंकन हरला, पण गावच्या 300 मतांपैकी 277 त्याचीच होती.

अशा माणसाने मतदारांचे किती ऐकावे? 1836 च्या निवडणुकीपूर्वी त्याने वर्तमानपत्रात स्वच्छ लिहिले की, विरोधात मत देणारेही आपले मतदारच. त्यांची इच्छा ठाऊक असेल तेथे त्याप्रमाणे वागू. ठाऊक नसेल तेथे आपल्या बुद्धीला त्यांच्या हिताचे वाटेल ते करू. ही वाटणी कागदावर सोपी होती. इच्छा ठाऊक असून बुद्धीला पटत नसेल तर काय, याचे उत्तर तीत नव्हते.

तो प्रसंग वर्षाच्या आतच आला. सँगमन परगण्याचे नऊही प्रतिनिधी उंचेपुरे, म्हणून त्यांना ‘लांब नऊ’ म्हणत. राज्याची राजधानी व्हँडेलियाहून आपल्या परगण्यातील स्प्रिंगफील्डला आणणे, हे मतदारांनी त्यांच्याकडून अपेक्षिलेले मुख्य काम. त्याच अधिवेशनात गुलामगिरीविरोधी चळवळ्यांचा निषेध करणारा ठराव आला. परगण्यातील पुष्कळ कुटुंबे केंटकीसारख्या गुलामगिरीच्या राज्यांतून आलेली. त्यांचा कल उघड होता. ठरावाच्या बाजूने 77 मते पडली, विरुद्ध सहा. सहांत लिंकन होता.

पण आपली कारणे त्याने लगेच नोंदविली नाहीत. 28 फेब्रुवारी 1837 रोजी राजधानी पदरात पडली आणि तीनच दिवसांनी, 3 मार्चला, त्याने डॅन स्टोन या सहकाऱ्यासह लेखी निवेदन दिले : गुलामगिरी अन्यायावर व चुकीच्या धोरणावर उभी आहे. त्याच कागदात चळवळ्यांनाही दोष दिला होता. याला कोणी भित्रेपणा म्हणेल. मतदारांचे काम आधी उरकून मगच त्यांना न रुचणारे बोलणे, हा हिशेबीपणा खरा. परंतु पुन्हा उभे राहू इच्छिणाऱ्या अठ्ठावीस वर्षांच्या माणसाने तेवढे लिहून सही करणे, हेही लहान नव्हते.

27 जानेवारी 1838 रोजी स्प्रिंगफील्डच्या तरुण मंडळापुढे त्याने व्याख्यान दिले. भाषा काहीशी अलंकारिक, वयाला शोभेशी. मात्र विषय गंभीर होता. त्याआधी अडीच-पावणेतीन महिन्यांपूर्वीच त्याच राज्यातील ऑल्टन गावी गुलामगिरीविरोधी संपादक एलिजा लव्हजॉय याला जमावाने ठार केले होते. लिंकनचे म्हणणे असे : स्वातंत्र्ययुद्ध लढलेले वृद्ध घरोघर होते, त्यांच्या अंगावरचे व्रण हाच जिवंत इतिहास होता. आता ते एकामागून एक जात आहेत. त्यांच्या स्मृतीच्या उबेवर प्रजासत्ताक फार दिवस टिकणार नाही; त्यांची जागा थंड डोक्याच्या विचाराने आणि कायद्याच्या आदराने भरली पाहिजे. पूर्वजांचे गोडवे ऐकण्यास जमलेल्या तरुणांना हे कितपत रुचले असेल, कोण जाणे!

न्यू सालेम मात्र 1840 च्या सुमारास ओस पडले. तेथील लोक जवळच्या पीटर्सबर्गला गेले. त्या नव्या गावाची आखणी 1836 मध्ये लिंकननेच, लिलावातून परत मिळालेला आपला धंदा करताना, केली होती. दुकानाचे कर्ज तो पुढे कित्येक वर्षे फेडीत होता.