पेरू आणि नळ : दोन वनस्पतींचा प्रवास

देवळाच्या मागल्या अंगाला, तळीकडे उतरणाऱ्या वाटेवर एखादे पेरूचे झाड असावे, ही आपल्या मुलखात इतकी नित्याची गोष्ट आहे की ते झाड तेथे कोणी व केव्हा आणले असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. सत्यनारायणाच्या फळांच्या तबकात केळ्याशेजारी पेरू बसलेला असतो आणि उपवासाच्या दिवशी तो निःशंकपणे खाल्ला जातो. याउलट ओढ्याकाठी दोन-तीन पुरुष उंच वाढणारा, बांबूसारख्या पेऱ्यांचा पण गवताच्या जातीचा जो नळ, त्याच्याकडे आपण रान म्हणून पाहतो. वस्तुतः पहिला चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचा पाहुणा आहे, आणि दुसरा वेदकाळापासून आपल्या घरचा. या दोहोंची लागवड, निगा व उपयोग यांची तुलना करू लागले म्हणजे एक चमत्कारिक इतिहास हाती लागतो.

प्रथम पेरूची नावे पाहावीत. हे फळ मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले. तिकडील आदिवासींच्या भाषेतले त्याचे नाव स्पॅनिश लोकांनी 'ग्वायाबा' असे उचलले व पोर्तुगीजांनी 'गोयाबा' असे. आपल्याकडे मात्र ते नाव रुजले नाही. 'पेरू' हे नाव पेरू देशावरून आले असे शाळेत पुष्कळदा सांगतात. पण कोंकणीतला 'पेर', बेळगावकडील कानडीतला 'पेरल' आणि मलयाळीतला 'पेर' ही भावंडे एका रांगेत उभी केली, की पोर्तुगीज 'पेरा' म्हणजे नासपती हाच त्यांचा मूळ पुरुष असावा असे वाटू लागते. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळसाठी पेरूच्या गराची साखर घालून जी घट्ट वडी करतात तिला 'पेराद' म्हणतात, आणि पोर्तुगालात 'पेरादा' म्हणजे नासपतीची तशीच वडी. याहून बोलका पुरावा कोणता हवा? उत्तरेकडचा 'अमरूद' तरी कोण? फारसीत अमरूद म्हणजेही नासपती! मध्य भारतात कोठे कोठे ऐकू येणारी 'बिही' ही फारसीतली दुसऱ्याच एका फळाची संज्ञा. बडोद्याकडचे 'जामफळ' आणि हैदराबादेतील 'जाम' हे शब्द जांभळाच्या गोतातले दिसतात. अपरिचित फळ दारी आले तेव्हा प्रत्येक प्रांताने आपल्या ओळखीच्या फळाचे नाव त्याला देऊन ते घरात घेतले.

१५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला, आणि त्या शतकात काजू, अननस, मिरची, पेरू अशी अमेरिकन फळे व पिके पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागली. सतराव्या शतकाच्या अखेरीस पेरू येथे इतका स्थिरावला होता की कोचीनच्या डच अधिकाऱ्याने, व्हॅन ऱ्हीडने, सिद्ध केलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथात (१६७८ ते १६९३) त्याच्या दोन प्रकारांची चित्रे व वर्णने आली. या ग्रंथाचे आपल्याशी आणखी एक नाते आहे. वनस्पतींची माहिती पुरविणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित व आपुभट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य होते. १६७५ साली त्यांनी लिहून दिलेले प्रमाणपत्र ग्रंथारंभी नागरी अक्षरांत छापले आहे. कोचीनची ही कोंकणी वस्ती मूळची गोमंतकातून गेलेल्या लोकांची, हे वाचकांस माहीत आहेच.

ते लोक का गेले, हेही येथे विसरता येत नाही. १५६० च्या सुमारास श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून जुवारी नदीपलीकडे प्रियोळास न्यावे लागले. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली. अंत्रुज महाल त्या वेळी आदिलशाहीत होता, म्हणून तेथे आसरा मिळाला. ज्या सत्तेच्या भयाने देव नदीपार गेले, त्याच सत्तेच्या जहाजांतून आलेले फळ पुढे त्याच देवांच्या परिसरात रुजले व त्यांच्या पुढ्यात ठेवले जाऊ लागले. कोणाला हा विसंवाद वाटेल. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात बटाटा व टोमॅटो आजही वर्ज्य आहेत, तेव्हा असा विवेक करण्याची परंपरा आपल्यात नाही असे म्हणता येत नाही. पण एकादशीच्या ताटातून साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा व मिरची ही चारही अमेरिकेची अपत्ये वगळली तर मागे काय उरते, याचाही हिशेब करावा. आमच्या पूर्वजांनी राज्यकर्त्याचा धर्म नाकारला आणि फळ स्वीकारले. या दोहोंची त्यांनी गल्लत केली नाही, आणि त्यात आम्हांस काही वावगे दिसत नाही.

पेरू हे झाड गरिबाचे. हलक्या जमिनीत येते, दुष्काळ सोसते, पक्ष्यांनी टाकलेल्या बीपासूनही उगवते. मात्र चांगले फळ हवे असेल तर माळ्याला त्याच्याशी थोडे कठोर व्हावे लागते. मृग बहार धरावयाचा तर ऐन उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात. पाने गळतात, झाड वाळल्यासारखे दिसते, आणि पावसाबरोबर नवी पालवी व फुले फुटून थंडीत गोड फळ मिळते. नव्या फुटीवरच फळ धरत असल्याने छाटणीही मानवते. पावसाळ्यात पिकणारे फळ बेचव लागते व त्यात फळमाशीच्या अळ्या होतात. कोंकण-गोमंतकाच्या पावसात पेरूला घाटावरची गोडी येत नाही, याचे एक कारण हेच. बीपासून केलेले झाड आईसारखे निघेलच असे नसते, म्हणून दाब कलम किंवा गुटी कलम करतात. पुण्याजवळच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा व देशमुख यांनी १९२७ साली अलाहाबादी वाणाच्या रोपांतून निवडलेला 'लखनौ-४९', ज्याला पुढे 'सरदार' म्हणू लागले, तो असाच कलमांनी देशभर पसरला. पाल्याचा काढा अतिसारावर देतात. लाकूड चिवट असल्याने हत्यारांचे दांडे होतात.

हा 'कलम' शब्दच आपल्याला नळाकडे नेतो. अरबी-फारसीतला कलम म्हणजे लेखणी. त्याच्याही मागे ग्रीक 'कालामोस' उभा आहे, आणि त्याचा अर्थ नळ, वेळू. लेखणीसारखी तिरपी कापलेली फांदी तीही कलमच झाली. मोडी दप्तरे आणि देवळांतील पोथ्या ज्या बोरूने लिहिल्या गेल्या तो अशाच पोकळ नळाचा तुकडा. त्याचे टोक तिरपे तासून मध्ये चीर देतात, म्हणजे शाई बेताने उतरते व रेघेला जाड-बारीकपणा येतो. नागरी अक्षराचे वळण घडविण्यात बोरूच्या त्या तिरप्या कापाचा हात मोठा.

संस्कृतात याला नड किंवा नल म्हणतात. या नावाखाली एकाहून अधिक जातींचे उंच गवत येत असावे, आणि त्यांत हा मोठा नळ एक. अथर्ववेदात बायका दगडाने नड ठेचून बैठकीसाठी तयार करतात असा दृष्टांत आहे. पाणिनीने नडांनी भरलेल्या जागेसाठी 'नड्वल' हे रूप सिद्ध केले, आणि अमरकोशात त्याला 'धमन' असा पर्याय आहे. धमन म्हणजे फुंकणारा. सोनाराची फुंकणी डोळ्यांपुढे आणली की हे नाव समजते. दमयंतीचा नलही याच नावाचा, आणि आपल्या न्हाणीघरातला पाण्याचा नळही. मराठीत 'देवनळ' म्हणून जी विषारी वनस्पती प्रसिद्ध आहे ती मात्र अगदी निराळी, हे औषधे गोळा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

नळाची निगा म्हणाल तर काहीच नाही. याचे बी बहुधा वांझ असते. गड्डा किंवा पेऱ्याचा तुकडा ओल्या मातीत पडला की पुरे. उन्हापाण्याची अनुकूलता असली तर तो दिवसाला वीतभराच्या निम्म्याने वाढतो. त्याला वाढविण्यापेक्षा आवरणे हेच खरे काम. वाद्यांसाठी मात्र फार पारखून घेतात. फ्रान्सच्या दक्षिणेतील व्हार प्रांतात क्लॅरिनेट, ओबो यांच्या पात्यांसाठी दोन वर्षांचा नळ हिवाळ्यात कापून दीर्घकाळ वाळवितात. आपल्याकडे डुमराव भागात शोण नदीकाठच्या नरकटाची पाती शहनाईला लावतात, आणि कावेरीकाठच्या कोरुक्कै गवताची 'सीवाळी' नादस्वराला. ही सारी एकाच भावकीची गवते. नगारखान्यातून पहाटे जो सूर निघतो तो लाकडाच्या नळीतून येतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात ओठांत धरलेली बोटभर पाती आधी थरथरते, मग नळी बोलते.

आणि हाच नळ पेरूच्या उलट वाटेने गेला. स्पॅनिश लोकांनी तो पलीकडे नेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील लॉस एंजल्स नदीकाठी तो विपुल होता व मातीच्या घरांची छपरे शाकारण्यास वापरीत. आज तेथे तो संकट ठरला आहे. पुरात तुकडे वाहत जाऊन नवी बेटे होतात, नदीचे पाणी तो शोषतो, आगीत भडकतो आणि जळाल्यावर गड्ड्यातून सर्वांआधी फुटतो. जगातील शंभर अत्यंत उपद्रवी आगंतुक जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचे नाव आहे. त्याच यादीत पेरूचा एक लहान लाल फळांचा चुलतभाऊही आहे. आणि खुद्द आपल्या पेरूने गालापागोस बेटांवर मूळच्या झाडोऱ्याला हुसकून माळ व्यापले आहेत.

आपल्याकडे नळ माजला नाही, त्याचे काही श्रेय त्याला सतत कापणाऱ्या हातांना द्यावे लागेल. चटई विणणारे, छपरे शाकारणारे, बोरू विकणारे हे त्याचे खरे माळी. त्यांपैकी बोरू विकणारा बाजारातून केव्हाच दिसेनासा झाला. सनईवाला मात्र पाती अजून जपून, कापडाच्या पुरचुंडीत बांधून कनवटीला ठेवतो.