पाणी कुठे जाते? मोटारीतील गळतीच्या शोधाचा इतिहास

मोटारीच्या इतिहासाच्या आरंभीच्या काळात इंजिनातले पाणी कमी होणे हा बिघाड मानला जात नसे. कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीत सिलिंडरभोवतीच्या पाण्याने उकळावे, वाफ होऊन उडून जावे आणि जाताना उष्णता घेऊन जावे, अशीच योजना होती. त्यामुळे १८८८ मध्ये बेर्टा बेन्झ मानहाइमहून फोर्झहाइमला त्या गाडीतून निघाल्या, तेव्हा शंभरएक किलोमीटरच्या वाटेवर मिळेल तिथे पाणी भरत जाणे हे गाडी हाकण्याचेच एक काम होते. जे पाणी उडून जाणारच आहे, त्याच्या जाण्याची चौकशी कोणी करत नाही.

तेच पाणी गार करून पुन्हा इंजिनात फिरवण्याच्या दिशेने मोठे पाऊल पडले ते विल्हेल्म मायबाख यांच्या मधाच्या पोळ्यासारख्या रेडिएटरमुळे. १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडिज गाडीत त्यांनी ८,०७० बारीक चौकोनी नळ्या एकत्र झाळून बसवल्या. या नळ्यांतून वारा वाहे आणि त्यांच्या मधल्या अरुंद फटींतून पाणी. गाडीला लागणारे पाणी त्यामुळे निम्म्यावर, सुमारे नऊ लिटरवर, आले. मात्र जितक्या नळ्या तितके सांधे, आणि जितके सांधे तितक्या गळण्याच्या जागा, हेही त्याबरोबर आलेच. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत रेडिएटरच्या झाकणावर बसवायचा बॉइस मोटोमीटर हा तापमापक निघाला. इंजिन तापल्याचे तो सांगे. पाणी कुठे गेले हे सांगणे त्याच्या आवाक्यातले नव्हते.

महाराष्ट्रात या अवस्थेची आठवण बोरघाटाशी जोडलेली आहे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतच्या सुमारे पाचशे मीटरच्या चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये, म्हणजे इंजिन जोरात आणि चाके हळू, अशी चढते. उष्णता वाढते आणि समोरून येणारा वारा नेमका तेव्हाच कमी पडतो. कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात कडेला थांबलेली, बॉनेट उघडलेली गाडी आणि शेजारी पाण्याचा डबा हे घाटातले नेहमीचे दृश्य होते. गाडी ‘तापली’ एवढेच निदान चालकाला पुरे वाटे, आणि त्यामुळे खरी गळती अनेकदा घाटाच्या नावावर खपून जाई.

गळतीचा खरा शोध रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या हौदात लागे. तांबे-पितळेचा रेडिएटर गाडीतून उतरवून, त्याची तोंडे बंद करून तो पाण्यात बुडवला जाई आणि आत हवा सोडली जाई. बुडबुडे जिथून येतील तिथे खूण करून कथिल-शिशाचा डाख दिला जाई. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढण्याचीच ही रीत, फक्त वस्तू अवजड. पुढे अॅल्युमिनियमच्या जाळीचे आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर आले. प्लॅस्टिकला डाख लागत नाही, त्यामुळे या कसबाची गरज ओसरली.

पाणी जाणे हा दोष ठरला तो मुख्यतः दाबाच्या झाकणामुळे. या झाकणातील स्प्रिंगची झडप आतला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत राखते, आणि दाब वाढला की द्रवाचा उत्कलनबिंदूही वाढतो. वातावरणापेक्षा एक बार अधिक दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. गोठू नये आणि गंजू नये म्हणून पाण्यात इथिलीन ग्लायकॉल व गंजरोधक द्रव्ये मिसळलेले कूलंट आले, झाकणातून बाहेर पडलेला द्रव परत घेणारी बाजूची टाकी आली, आणि व्यवस्था जवळजवळ बंदिस्त झाली. आता पातळी घटली तर त्याला कारण असलेच पाहिजे, असे म्हणता येऊ लागले.

निदानाची साधने या बंदिस्तपणावरच उभी आहेत. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप लावून ठरलेला दाब भरतात आणि काटा पाहत थांबतात. काटा उतरला आणि खाली थेंब दिसला, तर होज पाइप, रेडिएटर किंवा वॉटर पंप तपासायचा. पंपाच्या खालच्या बारीक छिद्राशी साचलेला वाळका रंगीत थर हा तर पंपाचे सील गेल्याचा जवळजवळ कबुलीजबाबच होय. काटा उतरतो पण थेंब कुठेच नाही, अशा वेळी संशय हीटरवर (पायाखालचा गालिचा ओला, काचेवर गोडसर वासाचे धुके) किंवा हेड गॅस्केटवर, म्हणजे सिलिंडर आणि पाण्याच्या वाटा वेगळ्या राखणाऱ्या पातळ थरावर, जातो. तो फाटला की ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरतात; रेडिएटरच्या तोंडाशी धरलेले निळे रासायनिक द्रावण त्यातील कार्बन डायऑक्साइडने पिवळे पडते.

एवढे सगळे होऊनही पुष्कळदा दोष निघतो तो झाकणाचाच. स्प्रिंग सैल पडली की दाब टिकत नाही, द्रव लवकर उकळतो आणि कुठेही भोक नसताना बाहेर पडतो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा बारमधील आकडा कोरलेला असतो. नवे झाकण घेताना तो जुळवून घ्यावा, आणि जुने काढायचे ते इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच.