मराठी गावगाड्यातील भिक्षेकरी व फिरस्ते

जुन्या मराठी गावाच्या व्यवस्थेस 'गावगाडा' म्हणत. कुणबी व बलुतेदार हे गावाचे कायमचे रहिवासी. त्यांच्याशिवाय हंगामानुसार येऊन जाणाऱ्यांचा एक मोठा वर्ग होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात या फिरस्त्यांची सविस्तर नोंद केली आहे.

सुगी होऊन खळ्यावर रास पडली की ही मंडळी गावात येत. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव पहाटे टाळ-चिपळ्यांच्या नादात देवाचे नाव घेई. गोंधळी संबळावर देवीचा गोंधळ घालीत. कुडमुडे जोशी भविष्य सांगत, नंदीबैलवाले बैलाच्या मानेच्या होकारावरून पाऊसपाण्याचे भाकीत करीत, तर बहुरूपी सोंगे आणून लोकांस हसवीत. घिसाडी शेतीची लोखंडी अवजारे घडवीत, वडार दगड फोडीत, वैदू जडीबुटी देत. त्या बदल्यात सूपभर धान्य, भाकरी किंवा जुने वस्त्र मिळे. मागणाऱ्यास रिकाम्या हाती परत पाठवू नये, असा घरोघरी संकेत होता.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठणचे संत एकनाथ यांनी सोळाव्या शतकात वासुदेव, जोशी, गोंधळी यांच्याच रूपाने भारुडे रचली. लोकशिक्षणासाठी त्यांना हीच माणसे जवळची वाटली, हे लक्षणीय आहे.

पुढे मात्र कायद्याची दृष्टी बदलली. इंग्रजी अमलात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ साली रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या जाऊ लागल्या. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने गाणे, नाचणे वा भविष्य सांगणे या निमित्ताने सार्वजनिक ठिकाणी भिक्षा मागणेही भीक मागण्यातच धरले. रेडिओ, दूरदर्शन आणि कारखान्यांतील तयार अवजारे आल्यावर फिरस्त्यांच्या कसबाची गरजही उरली नाही.

ओळख संपली, तेथे संशय आला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. पोटासाठी गावोगाव भिक्षा मागणारी ती माणसे बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील होती.

आजही आपल्या गावाबाहेर पाले पडतात. त्यातील माणसे कोण, कोठली, हे आपण आपुलकीने विचारावे. शंका वाटल्यास पोलीस पाटलांस कळवावे, अफवा पुढे पाठवू नये. पालावरील मुलांना जवळच्या शाळेत प्रवेश मिळवून देणे, हे तर कोणासही करता येण्याजोगे काम आहे.