नऊचा ताळा आणि कंपायलर

परवा नातेपुत्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, कंपायलरच गंडलाय बघा!"

झालं असं की, गावाकडच्या एका दूध संकलन केंद्राचा हिशेब तो स्वतः लिहिलेल्या सी प्रोग्रॅमवर करतो. जुना ३२ बिटचा कॉम्प्युटर बंद पडायच्या बेतात होता, म्हणून नवा घेतला. प्रोग्रॅम नव्या कंपायलरनं पुन्हा तयार केला आणि खात्रीसाठी मागच्या दहा दिवसांचं बिल दोन्हींवर काढून पाहिलं. तर पाच-सहा शेतकऱ्यांच्या रकमा जुळेनात. फरक थोडाच. पण सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन येणाऱ्या माणसाला काय सांगायचं, कुठला कॉम्प्युटर खरा?

घरातल्या मंडळींसाठी थोडक्यात: आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा आकड्यांत उतरवणारा लेखनिक म्हणजे कंपायलर. ग्रेस हॉपरबाईंनी १९५२ साली त्याची पहिली आवृत्ती केली, १९५७ मध्ये जॉन बॅकसच्या गटानं फोरट्रॅन आणलं, आणि तेव्हापासून आपण या लेखनिकावर डोळे मिटून विश्वास टाकत आलो. पण हा लेखनिक हुशारही आहे. काम लवकर व्हावं म्हणून तो आपला मजकूर बदलतो, नको वाटलेल्या ओळी गाळतो. कुठली ओळ गाळणं सुरक्षित आहे हे ठरवायचं शास्त्रच आहे. आपल्या पवईच्या आयआयटीतले उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. या हुशारीतच कधीकधी चूक होते.

फोन ठेवला आणि मला आमचे आबा आठवले. गुणाकार करून दाखवला की ते म्हणायचे, "ताळा बघ." २३ गुणिले १४. २ आणि ३ पाच, १ आणि ४ पाच, पाचा पाचा पंचवीस, म्हणजे सात. उत्तर ३२२, त्याचेही सात. जमलं! एकदा मी घाईत २३२ लिहिलं. ताळा तरीही सातच. आबा हसले आणि म्हणाले, "ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक. ताळा जमला म्हणून बरोबरच असं नाही. आता उलटं मांड, १४ गुणिले २३."

कंपायलरच्या चुका शोधायचा इतिहास वाचताना हेच पुन्हा पुन्हा दिसतं.

१९९४ साली अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. बेरीज जुळेना. आपला प्रोग्रॅम, कंपायलर, कॉम्प्युटरचे बाकीचे भाग असे एकेक संशयित त्यांनी बाजूला काढले, जुन्या ४८६ वर तेच गणित करून पाहिलं, आणि शेवटी उरली पेंटियम चिप! मग कुणालाही घरी करता येईल असा ताळा निघाला: ४१९५८३५ भागिले ३१४५७२७. उत्तर १.३३३८२ आलं तर चिप ठीक, १.३३३७३ आलं तर सदोष. इंटेलला बदलून देण्यापायी ४७५ मिलियन डॉलर बाजूला ठेवावे लागले.

२८ जुलै २०११ ला जावा ७ आलं, आणि त्याच दिवशी ल्युसीन या शोध-प्रणालीच्या मंडळींनी इशारा दिला की यातला कंपायलर काही लूप चुकीचे उतरवतो, इंडेक्स बिघडू शकतो. त्यांच्याकडे चाचण्यांचा मोठा साठा होता, म्हणून कळलं. २०१४ मध्ये जीसीसी ४.९.० नं लिनक्सच्या गाभ्यातलं एक फंक्शन चुकीचं उतरवलं. लिनस टोरवाल्ड्स थेट यंत्राचा कोड वाचायला बसले. तिथला ताळा सुंदर आहे: डीबगची माहिती धरून एकदा कंपाइल करा, न धरता एकदा करा. दोन्ही वेळा सूचना त्याच निघायला हव्यात. नाही निघाल्या तर पाणी मुरतंय.

आणि २०११ मधलंच सीस्मिथ. हे अवजार आपोआप हजारो सी प्रोग्रॅम रचतं, ते वेगवेगळ्या कंपायलरांना देतं आणि उत्तरं ताडून बघतं. त्यातून ३२५ हून जास्त बग सापडले. आबांचं 'उलटं मांड', दुसरं काय!

आम्हीही तेच केलं. भाच्याला म्हटलं, आधी कंपायलरची सगळी हुशारी बंद कर. मग दुसऱ्या कंपायलरवर चालव. मग प्रोग्रॅम छाटत छाटत चूक दिसेल एवढाच ठेव. दोन रात्री गेल्या, दहा ओळी उरल्या. गंमत म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवर मधे आकडा छापायची ओळ घातली की फरकच नाहीसा!

तिथंच चोर सापडला. लॅक्टोमीटरच्या रीडिंगवरून आणि फॅटवरून एसएनएफ काढायचा, तो ८.५ च्या खाली गेला की दर उतरतो. जुनी चिप मधली गणितं ८० बिटांत करायची आणि मेमरीत ठेवताना ६४ बिटांत कापायची. नवीनमध्ये सगळं ६४ बिटांत. म्हणून बरोब्बर ८.५ चं दूध एकीकडे ८.५ आणि दुसरीकडे ८.४९९९९... या एकाच तक्रारीवर जीसीसीकडे २००० सालापासून वर्षानुवर्षं वाद झाले, की हा बग म्हणायचा की यंत्राचा स्वभाव.

आमच्यापुरतं उत्तर साधं होतं. चूक कंपायलरची नव्हती. दशांशात हिशेब करून काठावरची तुलना करणाऱ्या आमच्या ओळीची होती. भाच्यानं एसएनएफ शंभरपट पूर्णांकात आणि रक्कम पैशांत मांडली. दोन्ही कॉम्प्युटर जुळले.

मग त्यानं न विचारता आणखी एक काम केलं. जुन्या बिलांच्या चोपड्या काढून कुणाकुणाचा दर उगाच उतरला होता ते हातानं मोजलं आणि पुढच्या बिलात ते पैसे घातले. एका आजीचे निघाले एकोणीस रुपये. त्या म्हणाल्या म्हणे, "मला तर कळलंबी नसतं."

तेच तर. ताळा ज्याला कळत नाही त्याच्यासाठीच करायचा असतो. आबा असते तर खूश झाले असते.

असो.