स्थळाचा नकाशा, काळाचा नकाशा : १९८२ मधील दोन वैद्यकीय नोंदी आणि महाड

हृदयाच्या लयबिघाडावर कॅथेटरद्वारे उपचार करावयाचा, तर बिघाडाचे स्थान आधी निश्चित करावे लागते. अ‍ॅम्स्टरडॅमच्या डूरर व सहकाऱ्यांनी १९७० मध्ये मानवी हृदयात विद्युत-लहर कोणत्या क्रमाने पसरते, याचा नकाशा प्रसिद्ध केला. कॅथेटरच्या टोकावरील इलेक्ट्रोड निरनिराळ्या बिंदूंवर टेकवून लहर पोहोचण्याची वेळ नोंदवायची. जेथे ती सर्वांत आधी उमटते, तेथे बिघाडाचा उगम शोधायचा, हे या तंत्राचे एक मूलभूत सूत्र होय. १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शाइनमन यांनी हृदयाच्या वरच्या व खालच्या कप्प्यांना जोडणारा विद्युत-मार्ग कॅथेटरमधून दिलेल्या आघाताने खंडित केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे रेडिओलहरी आल्या आणि १९९० च्या दशकात संगणकावरील त्रिमितीय नकाशा.

त्याच १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा लाल विंचवाच्या दंशावरील लेख आला. १९७६ पासून ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो व संपूर्ण हृदयावर ताण पडतो. अशा रुग्णाच्या हृदयात जाळून टाकावा असा एखादा बिंदू नसतो, म्हणून स्थळाचा नकाशा येथे निरुपयोगी. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून काळाचा नकाशा रेखला, असे म्हणणे प्रस्तुत लेखकास अधिक सयुक्तिक वाटते. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही लक्षणे आधी येतात; फुप्फुसांत पाणी नंतर साचते. पोलादपूरच्या डोंगरवाडीवरून रुग्ण खाली आणावयाचा, तर मधले हे काही तासच निर्णायक ठरतात.

या क्रमाच्या ज्ञानामुळेच रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी गोळी योग्य वेळी देणे शक्य झाले. तिच्या वापरापूर्वी, १९६१ ते १९८३ या काळात, पश्चिम भारतातील दंशरुग्णांत २५ ते ३० टक्के मृत्यू नोंदले गेले होते; नंतर हे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आले. तरीही हृदयोपचारांच्या इतिहासात यंत्रांच्या पिढ्या क्रमवार मोजल्या जातात आणि बिरवाडीचा उल्लेख क्वचितच होतो. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. तत्पूर्वी, २०११ मध्ये, महाडमधूनच प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत केवळ प्राझोसिनपेक्षा प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेले रुग्ण लवकर बरे झाल्याचे आढळले होते.