मस्टरवरचा नाताळ

आमच्या आजीच्या तोंडून बेथलेहेमची गोष्ट सुरू झाली की ती बहात्तरच्या दुष्काळात कधी शिरायची, ते कळायचंच नाही. आम्ही नगर जिल्ह्यातले, पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयांत कितीतरी पोरं जगली. आजीची आजी त्यातलीच. म्हणजे घराण्याची ख्रिस्ताशी ओळख भुकेच्याच वाटेनं झालेली.

१९७२ च्या डिसेंबरात विहिरी आटल्या होत्या, जनावरं कवडीमोलानं गेली होती. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मुकादम मस्टरवरची नावं पुकारायचा; नाव नाही तर मजुरी नाही. दुपारी सुकडी, रात्री मिलोची भाकरी. करंज्यांचा विषयच नव्हता. त्यातच एक बाई कामावर बाळंत झाली. बायांनी लुगड्यांचा आडोसा धरला, बाळाला जुनेरात गुंडाळलं आणि खडी वाहायच्या पाटीत निजवलं.

आजी म्हणायची, "त्या दिवशी मला लूकचा दुसरा अध्याय कळला. कैसर औगुस्तानं नावनिशीचा हुकूम काढला, म्हणून दिवस भरलेली मरीया नासरेथहून बेथलेहेमला निघाली. मस्टरच की ते! देवानं त्याच मस्टरवर आपलं नाव घातलं."

लहानपणी हे नुसतं ऐकलं. ह्यांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा ते अंगाला भिडलं. त्या डिसेंबरात मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर फायलींची पिशवी मांडीवर घेऊन नाव पुकारण्याची वाट बघत बसायचे. मंडळीची नाताळगीतांची फेरी गल्लीत येऊन गेली, तेव्हा आमच्या दाराला कुलूप होतं. राग यायचा. सुवार्ता सगळ्यांसाठी, मग आमच्याच वाट्याला हे का?

बाकावर बसूनच मत्तय पुन्हा वाचला. बाळ जन्मलं म्हणून मरीया-योसेफांचे हाल संपले नाहीत. हेरोद बाळाच्या जिवावर उठला, रातोरात मिसर गाठावा लागला. तिकडे बेथलेहेमच्या आयांची तान्ही मुलं मारली गेली. नाताळच्या नाटकात हा भाग आपण सहसा दाखवत नाही. माझा धीर मात्र तिथेच बांधला गेला. दुःख आलं म्हणजे देवानं पाठ फिरवली, असं त्या गोष्टीत कुठेच नाही. तो स्वतःच बेघर झाला, परागंदा झाला. आमच्या रांगेत येऊन उभा राहिला.

ह्यांचं डायलिसिस अजून चालू आहे. नाताळ आम्ही करतो, जमेल तेवढ्या करंज्याही करतो. वाचणाऱ्यांना एकच विनंती: यंदा गीतांची फेरी काढाल तेव्हा कुलूप दिसलं की तसंच पुढे जाऊ नका. त्या घरची माणसं कुठल्या दवाखान्यात आहेत ते विचारा, आणि जेवणाचा डबा घेऊन तिथे जा.